घरचा इस्तो

"आपल्याच चुलीत देजो, मंजू. लोकायच्या नाही."

सासूचं हे बोलणं मंजूला नेमकं हातात तुपाची पळी असतानाच ऐकू यायचं. आताही आलं. ती चुलीपुढे उकिडवी बसली होती. मागे अर्धगोलात मांडलेल्या टेबलांवरचे पाहुणे गप्प झाले होते, आणि ऋषिकेश दिवे मंद करून, आवाज खाली आणून त्यांना सांगत होता.

"इस्तो म्हणजे विस्तव. आमच्या भागात चुलीतल्या निखाऱ्याला इस्तो म्हणतात. पूर्वी शेजारणी एकमेकींकडून मागून न्यायच्या. या चुलीतला इस्तो आमच्या सुंदरबाई आजींनी पहिल्या दिवशी त्यांच्या तांड्यावरच्या घरून आणला. तेव्हापासून आम्ही तो विझू दिलेला नाही. म्हणून या जागेचं नावही इस्तो. बंजारा समाजात पूर्वजांच्या नावानं पहिला घास चुलीत देतात, त्याला धबुकार म्हणतात. आता मंजूताई तो देतील. मग आपण जेवायला सुरुवात करू."

मंजू जराशी डावीकडे वळली. हे ऋषिकेशनंच शिकवलं होतं. सरळ बसलं की तिच्या पाठीमुळे लोकांना जाळ दिसत नसे. वळून तिनं पळी उचलून धरली आणि सगळ्यांचे मोबाइल वर होईपर्यंत थांबली. मग चुलीभोवती पाण्याची धार फिरवली, लापशीचा घास निखाऱ्यावर ठेवला, वरून तूप सोडलं.

"सोमला," ती म्हणाली. "रूपला."

जाळ हातभर उठला. टेबलांवरून हलकेच "वा" असा आवाज आला. मंजूनं हात जोडले, डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांमागे काही नव्हतं. एवढंच आठवलं की अंबाडीच्या फुलांचं सरबत फ्रिजमधून काढायचं राहिलं आहे.

दिवे लागले तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलाजवळ एक म्हातारा उभा होता. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, चपला काढून खुर्चीखाली सरकवलेल्या. हातही जोडलेले. त्याचा मुलगा त्याची बाही ओढत होता, "बाबा, बसा ना. सगळे पाहून राह्यले." म्हातारा बसला नाही. अनवाणी चालत चुलीपाशी आला.

"कोनता सोमला, बाई? आसेगावकडच्या तांड्याचा?"

असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, तूप घरचं आहे का, लापशीचा गहू कुठला.

"हव," मंजू म्हणाली. "माहा सासरा."

"मी लखीराम. कारंजाच्या डेपोत डायवर होतो. यष्टीत लागाच्या आदी सोमलाच्या टोळीत ऊस तोडला म्या." त्यानं चुलीत पाहिलं. घास जळून काळा झाला होता. "आज काय हाय त्याचं?"

"काही नाही."

"मंग नाव काहून घेतलं?"

"रोजच घेतो, बापू. पावने येतेत तवा."

"रोज?"

मंजूनं मान हलवली. म्हातारा रागावला नाही. त्याला काही तरी समजायला वेळ लागत होता, एवढंच.

"अन् सुंदर? थे कोठी हाय?"

"भादव्यात गेली."

लखीरामनं कपाळाला हात लावला. "तिच्या हातची लापशी खाल्ली म्या फडात. ताटं नव्हते, उसाच्या पाल्यावर वाढली तिनं." मग म्हणाला, "तिचं नाव नाही घेतलं तू आता."

"तिचं पयलं हाय. दिवाळीच्या पाडव्याले. आपल्या चुलीत दे म्हनून सांगून गेली."

"मंग देजो बाई," म्हातारा म्हणाला. "थे बोलाची पक्की होती."

तो परत जाऊन बसला. ऋषिकेश घाईघाईनं आत आला, "काय म्हणत होते, ताई? काही तक्रार आहे का?"

"नाही. वळखीचे निंघाले."

जेवणं उरकल्यावर उष्टी भांडी मोरीत आली तेव्हा त्यात लखीरामचीही होती. बाकी सगळं त्यानं खाल्लं होतं. लापशीची वाटी तेवढी भरलेली होती, आणि तिच्याभोवती लाकडी तबकावर पाण्याचं कडं ओढलेलं होतं. अजून वाळलं नव्हतं.

मंजूनं वाटी बाजूला काढून ठेवली. सकाळी ती गाईला घातली.

*

सुंदरबाईला हे हॉटेल म्हणजे नेमकं काय ते शेवटपर्यंत उमगलं नव्हतं. वैभवीच्या वडिलांची शेती शेलूबाजारच्या बाहेर, रस्त्याला लागून. पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात काही वर्षं काढून वैभवी परत आली आणि शेतातल्या जुन्या गोठ्याच्या जागी तिनं ही दगडामातीची बैठी जागा बांधली. धाकट्या भावाला, ऋषिकेशला, हाताशी घेतलं. ठरवलं ते असं की जिल्ह्यात पिकतं तेच इथे शिजेल, आणि शिजवतील त्या बाया, ज्या एरवी दिवाळीच्या तोंडावर कोयता बांधून ऊसतोडीला जातात. त्यांची लेकरं शाळेत राहतील. नागपूरहून, पुण्याहून लोक आधी नाव नोंदवून यायला लागले. तांड्यावरची पहिली आलेली बाई सुंदरबाई, आणि तिच्या मागून तिची सून मंजू.

पहिल्यांदा ताट मांडलेलं पाहिलं तेव्हा सुंदरबाई कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली. पसरट पांढरी बशी, मधोमध लिंबाएवढं उडदाचं घुटं, वर जवसाच्या चटणीची चिमूट.

"वैभवी, हे पावन्यायसाठी हाय का त्याईच्या तान्ह्या लेकरासाठी?"

"आजी, असं थोडं थोडं सात वेळा वाढायचं असतं. एकामागून एक."

"मंग एकडाव वाढ ना माय. मानूस जेवाले आला का परीक्षेले?"

वैभवी खाली बसून हसली होती. ते वाक्य ती अजून पाहुण्यांना सांगते.

पहिल्या दिवशी सुंदरबाईनं घरून गोवरीत जपून आणलेला इस्तो नव्या चुलीत ठेवला आणि कोणी न सांगता पहिला घास त्यात टाकला. वैभवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं विचारलं, आजी, हे रोज कराल का?

"रोज नाही करत पोरी. थे दिवाळीचं हाय. पाडव्याले. त्या दिशी मेलेले घरी येतेत."

"मग नुसतं तूप?"

सुंदरबाईनं विचार केला. "तूप टाकतो. अग्नीले तूप कवाही चालते. नाव नाही घेनार."

तिनं तो शब्द पाळला. लोकांकडे पाठ करून, ओठ मिटून ती तूप सोडायची आणि उठायची. पुढे तिचा दम वाढला, चुलीपुढे बसवेना, तेव्हा पळी मंजूच्या हातात आली. पाहुणे तोवर वाढले होते. ऋषिकेश म्हणाला, "ताई, काहीतरी बोला ना. लोकांना कळत नाही झालं का नाही ते." मंजूच्या तोंडून सासऱ्याचं नाव निघालं. दुसऱ्या दिवशी आजेसासऱ्याचंही निघालं. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं.

तांड्यावर बातमी गेलीच. बाया हसायच्या, "मंजू रोज मेलेल्यायले जेवाले बलावते, अन् जेवून जातेत पुन्याचे लोक." सुंदरबाई बाजेवर पडून ऐकायची. पूर्वी ती अशा थट्टेला दुप्पट उत्तर द्यायची. या वेळी तिनं मंजूला जवळ बोलावलं आणि तिचं मनगट धरलं.

"माह्या पयल्या पाडव्याले माह्या नावानं घास देजो. माहा बादल तर असन नसन. तू देजो."

"असं काहून बोलता, याडी." याडी म्हणजे आई; मंजू सासूला तेच म्हणायची.

"आपल्याच चुलीत देजो, मंजू. लोकायच्या नाही."

"देतो."

"देतो म्हनलं ना?"

"देतो म्हनलं ना, याडी."

सुंदरबाईनं मनगट सोडलं. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

बाराव्याच्या दिवशी तांड्यावरच्या घरी नातेवाईक जमले होते. मंजूचा नवरा बादल दारात बसून होता. घास द्यायची वेळ आली. मंजू चुलीपुढे बसली, आणि बसल्या बसल्या जराशी डावीकडे वळली. पळी उचलून धरली. आणि थांबली. समोर कोणी मोबाइल धरलेला नव्हता. तिथे नुसती भिंत होती. किती वेळ थांबली तिला कळलं नाही. मग कोणीतरी म्हणालं, "टाक वो," आणि तिनं तूप सोडलं.

कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या आलं.

त्या दिवशी ती रडली नाही, त्यानंतरही नाही. बाया म्हणाल्या, धीराची आहे. तिचे सगळे नेम चालू होते. हॉटेलच्या मागच्या, तिच्या राहायच्या खोलीत फळीवर सेवालाल महाराजांची आणि जगदंबेची तसबीर होती. तिथे सकाळ-संध्याकाळ दिवा, मंगळवारचा उपास, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेवर काही ठेवायचं नाही. एकही नेम चुकला नाही. नेमाच्या आत जे असतं ते मात्र कुठेतरी सांडलं होतं. निखाऱ्याचा चटका बसला तरी तिला उशिरा कळायचा. सोबत काम करणारी निता ओरडायची, "बाई, हात!" तेव्हा ती हात मागे घ्यायची.

*

लखीराम येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीच्या सकाळी, निता आणि मंजू स्वयंपाकघरात अंबाडी निवडत होत्या. निता मंजूच्याच तांड्यावरची, वयानं लहान, तोंडानं मोठी. मंजू चव पाहत नाही म्हणून मीठ-तिखट पाहायचं काम तिचं.

"बरं हाय बाप्पा," ती चमचा चाटत म्हणाली, "पुन्य तुमाले, पोट मले."

वैभवी आत आली. तिनं ओट्याला टेकून दोघींकडे पाहिलं.

"मंजूताई, पाडव्याचं बोलायचं होतं. मुंबईचे ते पैसे गुंतवणारे लोक दुपारी जेवायला येणार आहेत. त्यांना पटलं तर कारंज्याला दुसरी जागा होईल. तिकडच्या तांड्यांवरच्या बायांना घेता येईल. या वर्षी नाही, पण पुढच्या वर्षी त्यांना कोयता धरावा लागणार नाही."

"चांगलं होईन," मंजू म्हणाली.

"मी त्यांना आजींबद्दल खूप सांगितलंय. माझ्या मनात असं आलं, की त्या दिवशी धबुकार आजींच्या नावानं द्यावा. सगळ्यांसमोर. त्यांचा फोटो ठेवू, हार घालू. ही चूल त्यांचीच आहे. तुम्ही त्यांचं नाव घ्याल ना?"

वैभवी खोटं बोलत नव्हती. सुंदरबाईला दवाखान्यात नेलं तेव्हा रात्रंदिवस तीच बसली होती.

"बरं," मंजू म्हणाली.

वैभवीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली. निता अंबाडीची काडी हातात धरून मंजूकडे पाहत राहिली.

"बरं काहून म्हनलं?"

"मंग काय म्हनू?"

"सासूले शब्द देला तुमी. साऱ्या तांड्याले मालूम हाय."

"सकाळी घरी देतो. दुपारी इथी."

"अन् थे येनार कोठी? इथी का तथी?"

अंबाडी निवडून झाली होती, तरी मंजूची बोटं ताटलीत फिरत राहिली.

*

दुपारची सुट्टी घेऊन ती जीपनं तांड्यावर गेली. अर्धाअधिक तांडा कुलपात होता. दसऱ्यानंतर टोळ्या निघून गेल्या होत्या, त्यात बादलही. बाया इस्तोत काम करतात त्या घरांचे पुरुष मात्र अजून जात होते. सोयाबीन निघून गेलेल्या रानात तूर फुलावर होती. राहिलेल्या घरांपुढे पोरी उद्याच्या अवसेला ओवाळायचे दिवे राखेनं घासत बसल्या होत्या.

मंजूनं कुलूप काढलं. बादल टोळीत गेल्यापासून घर बंद, आणि मागून परतीचा पाऊस झोडपून गेला होता. टिनाच्या पत्र्याला भोक पडून पाणी नेमकं चुलीवर गळलं होतं. चूल राहिली नव्हती. मातीचा एक ढिगारा होता, त्यावर पांढुरकी बुरशी.

तिनं बादलला फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"चूल पडली," ती म्हणाली.

"मंग?"

"पाडव्याले घरी या. याडीचा घास हाय."

"मुकादम सोडत नाही वो. तूच दे. तुलेच सांगतलं होतं तिनं." आणि मग, "लापशीत गूळ जरा जास्त टाकजो. तिले गोड लागे."

मंजूनं फोन ठेवला, पदर खोचला. नाल्यातून टोपलंभर पिवळी माती आणली, शेण गोळा केलं, सोयाबीनचा भुसा मिसळला आणि पायानं तुडवायला लागली. माती गार होती. ते पायांना कळत होतं, पुढे जात नव्हतं.

तांड्याचा नायक प्रेमसिंग काठी टेकत येऊन ओट्यावर बसला. वय झालेलं, त्यामुळे आता कुठल्या टोळीत जात नसे. राहिलेल्यांवर नजर ठेवणं आणि त्यांना टोमणे मारणं ही दोनच कामं त्याला उरली होती.

"काय वो मंजू, हॉटेलातली चूल कमी पडली का?"

"पाडव्याले याडीचं हाय, नायकबापू."

"मालूम हाय. अन् हॉटेलात?"

"तथी दुपारी. पावने येनार हायेत. ताईनं याडीच्या नावानं दे म्हनलं."

प्रेमसिंगनं तंबाखू मळायची थांबवली. "एकच दिस, एकच बाई, अन् दोन घरी जेवन? तुही सासू जितेपनी कोनाच्या दारी दुसऱ्यांदा चहा पेली नाही. अन् मेल्यावर तिले असं फिरवतं?"

मंजू तुडवत राहिली.

"घास देल्यावर चुलीपाशी बसा लागते," तो म्हणाला. "इस्तो निवेलोक. मंग शेजाऱ्याले बलावून जेवू घालाचं. पाच मिन्टाचं काम नोहे थे. सोमलाचं झालं तवा तुही सासू दिस कलेलोक बसली होती, इथीसाच. मी जेवलो ना त्या दिशी. मले याद हाय."

"मले बी याद हाय."

"मंग?"

मंजूनं मातीचा गोळा उचलला आणि पहिला थर बसवला. पाठीमागची भिंत, दोन बाजू, वर तीन टेकू. हात आपोआप करत होते. सुंदरबाईनं चूल घालायला शिकवलं तेव्हा म्हटलं होतं, तोंड वाऱ्याकडे नको आणि रस्त्याकडेही नको. चुलीचं तोंड घराच्या माणसाकडे. मंजूनं तसंच केलं.

"वाळन का पाडव्यालोक?" तिनं विचारलं.

"ऊन चांगलं हाय. पत्र्याचं भोक राहू दे, तथूनच ऊन पडन. बकऱ्या मी हाकलतो." प्रेमसिंग उठला. दारापाशी वळून म्हणाला, "अन् इस्तो कोठून आनशीन?"

"काडेपेटी हाय ना."

"काडेपेटी त सरकारच्या दुकानात बी हाय. या घरचा इस्तो सुंदर घेऊन गेली. तथी विझू देत नाही म्हनतेत. खरं हाय का?"

"खरं हाय. मीच राखेखाली दाबून ठेवतो रोज."

"मंग आन थोडा. घरचाच हाय थो. कोनाची भीक नोहे."

तो गेला. मंजूनं ओल्या हातांनी चूल सारवली. बोटांचे ठसे उमटले, ते तसेच ठेवले. संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी ती परतीच्या जीपनं शेलूबाजारला आली, डावीकडे वळून बसली, पळी उचलून धरली. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. तिनं नुसतं तूप सोडलं. ऋषिकेशला वाटलं घसा बसला असेल. त्यानं तिला हळदीचं दूध पाठवलं.

अवसेलाही तसंच झालं.

*

पाडव्याच्या सकाळी वैभवी लवकर आली तेव्हा मंजूची सगळी कामं झाली होती. घुटं शिजवून ठेवलेलं, भरीताची वांगी भाजलेली, सीताफळाचा गर काढून गार करायला ठेवलेला, लापशीचा गहू तुपावर परतून बाजूला. नितानं चव पाहिली होती आणि बाकीच्या बायांना कोणी काय वाढायचं ते वाटून दिलं होतं.

चुलीशेजारी स्टुलावर सुंदरबाईचा फोटो होता. रात्रीच झेंडूचा हार घालून ठेवलेला. फोटोत तिनं डोळे बारीक केले होते, कोणाची तरी थट्टा करण्याआधी करायची तसे.

मंजू चुलीपुढे बसली होती. पायाशी जुन्या मडक्याचं खापर, त्यात राखेचा थर. तिनं चिमट्यानं राख सारली, एक धगधगता निखारा उचलून खापरात ठेवला, त्याच्या अंगाला गोवरीचा तुकडा लावला, वरून पुन्हा राख भुरभुरली. पिशवीत गहू, गूळ, तुपाची बाटली आणि आणखी एक गोवरी होती. गहू-गूळ तिनं काल बाजारातून घेतला होता.

"ताई, हे काय?" वैभवीनं विचारलं.

"इस्तो नेतो घरी."

"आत्ता? पाहुणे बारापर्यंत येतील. तुम्ही परत..."

"संध्याकाळलोक येतो."

वैभवी खुर्ची ओढून बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. "मंजूताई, तुम्ही बरं म्हणाला होता. मी त्यांना सांगितलंय. आजींच्या चुलीत, आजींच्या नावानं. ते त्यासाठीच आजचा दिवस धरून येतायत. कारंज्याचं सगळं त्यांच्यावर आहे. तुम्हाला तर माहितीये."

"मालूम हाय."

"मग?"

मंजूनं खापराला पदर गुंडाळला.

"मले नाही म्हनता येत नाही, ताई. लहानपनापासून येत नाही. तुमाले मी बरं म्हनलं. पन तिले त्याच्या आदी म्हनलं होतं."

बाहेर कोणीतरी अंगणात पाणी शिंपत होतं. वैभवीनं दाराकडे पाहिलं. निता दारातच उभी होती, हातात झारा.

"निता, तू बसशील चुलीपुढे? आजच्या दिवस?"

"माही माय जिती हाय, ताई. बाप बी हाय, दारू पिऊन झोपला असन," निता म्हणाली. "मी कोनाले बलावू जेवाले?"

कोणी हसलं नाही. निताही नाही. ती झारा घेऊन आत गेली.

वैभवी फोटोकडे पाहत बसली. बोलली तेव्हा तिच्या तोंडून तिच्या घरची बोली आली. पुण्याहून आल्यापासून ती पाहुण्यांसमोर कधी वापरत नसे.

"मी काय सांगू वो मंजूताई त्याईले?"

"सांगा," मंजू म्हणाली, "सुंदरबाई आज आपल्या घरी जेवनार हाय."

वैभवीनं मान खाली घातली. मग उठून फोटोचा हार काढला आणि ओट्यावर ठेवला.

"उद्यापासून तूप मी टाकीन," मंजू म्हणाली. "तिनं टाके तसं. नाव नाही घेनार. चालन का?"

"बरं," वैभवी म्हणाली. त्या 'बरं'मध्ये होकार किती आणि नाइलाज किती, ते मंजूला चांगलं ओळखू आलं. तिचं स्वतःचं बरं असंच असे.

रस्त्याला जीप भरत होती. ड्रायव्हरनं आधी पिशवी पाहिली, मग पदरात गुंडाळलेलं खापर.

"त्याच्यात काय हाय?"

"इस्तो."

"जिता?"

"हव."

"माय वो! गाडीत डिझल हाय, पावने हायेत, अन् तू इस्तो घेऊन बसतं? आसेगावचा चौक हाय का भुईनळा उडवाले?" जीपमधले सगळे हसले. एक बाई आतून म्हणाली, "टाकून दे वो, तथी काडेपेटी भेटन." ड्रायव्हर थोडा नरमला. "बाई, थे ठेव इथीच. तुले पुढच्या सीटावर बसवतो."

"राहू द्या," मंजू म्हणाली. "पायी जातो."

"आसेगावकडे? पायी? अवो, दिस डोक्यावर येईन."

"येऊ द्या."

जीप धूळ उडवत निघून गेली. मंजूनं पिशवी खांद्याला अडकवली, रस्ता ओलांडला आणि तुरीच्या कडेकडेनं जाणारी पायवाट धरली. खापर तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. वेगानं चाललं की वारा लागून गोवरी भर्रकन जळते आणि फार हळू चाललं की राखेखाली विझते, म्हणून ती आपल्या एका चालीनं चालत राहिली.

पहिल्या बांधापाशी तिला वाटलं, खापर जड झालं आहे. दोन पावलं गेल्यावर कळलं, जड नाही, हात भाजतो आहे. पदराच्या घडीतून धग तळव्यापर्यंत आली होती. तिनं खापर बांधावर टेकवलं, तळवा उघडून पाहिला. मधोमध लाल झाला होता, झोंबत होता. तिनं त्यावर फुंकर घातली. मग पदर आणखी एकदा दुमडला, राख थोडी सारून आत डोकावलं. निखारा होता.

तिनं खापर उचललं आणि चालू लागली.